सुगी

खरं सांगायचं तर मी सूड उगवायला गेले होते.
अकरा वर्षं, दर मार्चमध्ये,
या झाडांच्या पिवळ्या धुरळ्यानं माझे डोळे सुजतात,
नागोयाच्या करखात्यात माझ्या टेबलावर
फायलींइतकेच रुमाल साचतात.
फलकावर वाचलं : रविवारी झाडं मारायला माणसं हवीत.
(असं लिहिलं नव्हतं. मी तसं वाचलं.)
मे संपत आला होता. पहिल्या बसनं निघाले.

पायथ्याशी उरुशिहारा-सान उभे,
वय एकोणऐंशी, गुडघ्याला पट्टा,
हातात मासे धरायची काठी.
आसपास ओढासुद्धा नव्हता.
त्यांनी काठी चार मीटर ताणली,
स्वतः तिवडा झाले
आणि मला म्हणाले, फिर.
मळणीच्या बैलासारखी मी फिरले,
काठीच्या आत येईल ते झाड मोजत.
चौदा.
“सात पुरेत,” ते म्हणाले.
“चौदाही आम्हीच लावली. तिसरीत होतो. शनिवारची शाळा इथंच भरायची.”

आत भर दुपारी दिवेलागण.
गवताची काडी नाही, पाखरू नाही,
माती वाहून मुळांच्या शिरा वर आलेल्या.
आणि ती झाडं, काटकुळी, उंचच उंच,
रांगेत उभी करून
मग विसरून गेलेल्या शाळेसारखी.
युद्धानंतर घरं हवी होती, घरांना खांब हवे होते.
खांब जाड होईतो
बोटीतून परक्या मुलखाचं लाकूड उतरलं, स्वस्त.
झाडाचं नाव सुगी,
सुगी काही आली नाही.

करवतीनं बुंध्याभोवती एक रेघ.
सालीखाली बांबूची पाचर सारायची,
पट्टी दोन्ही मुठींत धरायची, मागे सरकायचं.
कोऱ्या मांजरपाटाचा ताका फाडावा
तसा आवाज वर वर जातो,
डोक्याच्या वर, फांद्यांपर्यंत.
आत झाड ओलं, पांढरंफेक,
नुकत्या न्हाल्या पोराच्या पाठीसारखं.
मी बोट लावलं, चाटलं.
गोडसर.
सुडाची चव अशी नसते.

सात वर्षांचा सोमा सालीला लोंबकळत होता.
मध्येच थांबून म्हणाला, “याला दुखतं का?”
आम्ही मोठी माणसं एकाएकी कामात गढलो.
उरुशिहारा-सान म्हणाले, “ठाऊक नाही.
लावताना मला दुखलं होतं.”
आणि तळहात उघडून दाखवला.
तिथं काहीच नव्हतं.

दुपारी एका ओळीशी ते थबकले.
“ही तोमिएची. माझी थोरली बहीण.
वाकडं म्हणून खपायचं नाही तिला.”
ओळ अजून ओळंब्यात होती.
मी अदबीनं पुढच्या ओळीकडे वळले.
त्यांनी खिशातून गुलाबी फीत काढली,
एकाआड एक बांधत गेले.
चौथ्या झाडाला बांधली, सोडली,
पुन्हा बांधली, गाठ मारली.
कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ,
हे म्हणायला सोपं असतं
गाठ आपल्या बोटांनी मारायची नसते तेव्हा.

सोललेलं झाड पडत नाही.
उभ्या उभ्या वाळतं, वर्ष, दीड वर्ष,
पाणी सोडतं, वजन सोडतं,
त्याच्या माथ्यावर आभाळाचा
ताटलीएवढा तुकडा उघडतो.

पुढच्याच्या पुढच्या मार्चमध्ये गेले.
नाकावर दुहेरी मुखपट्टी.
बुंध्यापाशी काहीतरी उगवलं होतं,
दोन पानं, कातरलेल्या कडांची.
“काय आहे हे?”
उरुशिहारा-सान गुडघा सावरत वाकले, बराच वेळ पाहिलं.
“माझ्या जन्मात इथं पाहिलं नाही. विचारून सांगतो.”

मग चौथं झाड पाडलं.
इतकं हलकं झालं होतं की यंत्र लागलं नाही,
चौघांनी खांद्यावर घेतलं.
पुढं उरुशिहारा-सान, कोणी न सांगताच.
उतारावर मला शिंक आली,
आणि चार खांद्यांवर
तोमिएचं झाड किंचित हललं.
“सावकाश,” ते मागं न बघता म्हणाले,
मला की तिला, कळलं नाही.